चिमणी कंपनीची दुपार

छापून आलेली बातमी दुसऱ्या दिवशी भेळेखाली जाते. न छापलेली जात नाही. ती बातमीदाराच्या खिशात राहते, टेबलाच्या खणात राहते, चहाच्या टपरीवर चार माणसांत फिरते आणि फिरता फिरता दुसरीला चिकटते. बत्तीस वर्षं शिरूर-दौंडची बातमीदारी केल्यावर माझ्याकडे अशा किश्श्यांचं एक गाठोडंच झालंय. त्यातले एका जपानी व्हिडिओ गेम कंपनीचे किस्से मी वेगळे ठेवलेत, कारण त्यांच्याबरोबर एक कात्रण आहे. चार ओळींचं.

"शिरूर तालुक्यातील व्हिडिओ गेमविषयी प्रसिद्ध झालेल्या वृत्तात तथ्य नसल्याचे आढळून आले आहे. वाचकांना झालेल्या तसदीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

मी वाळूवाल्यांविरुद्ध लिहिलं. पुढाऱ्यांविरुद्ध लिहिलं. नोटिसा आल्या, धमक्या आल्या, एक शब्द मागं घेतला नाही. माझ्या नावावर आयुष्यात एकच खोटी बातमी लागली, आणि ती मेंढरांची!

हे कात्रण मी सव्वीस वर्षं पाकिटात बाळगलं. का, ते पुढं कळेलच.

*

आधी कंपनी शिरूरला कशी आली ते सांगतो. आज रांजणगावच्या एमआयडीसीत जपानी माणूस दिसला तर कुणी वळूनही बघत नाही. पण आमची कंपनी त्याच्या कितीतरी आधी आली. टेम्पोतून.

आमच्या अड्ड्याचे मालक सुदामआप्पा. पाबळला विजेचं काम शिकले आणि शिरूरच्या एसटी स्टँडजवळ रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं. एकदा ते मुंबईला टीव्हीचे सुटे भाग आणायला गेले आणि येताना कपाटाएवढं एक लाकडी खोकं घेऊन आले. वर काचेचा पडदा, खाली एक दांडी, एक बटण आणि नाणं टाकायची खाच. जपानमध्ये जुनं झालेलं, मुंबईच्या बंदरात भंगार म्हणून उतरलेलं व्हिडिओ गेमचं मशीन.

अंगावर सगळी अक्षरं जपानी. कंपनीचं नाव काय, देव जाणे. कोपऱ्यात एका चिमणीचं चित्र होतं. म्हणून कंपनी झाली चिमणी कंपनी.

पहिल्याच दिवशी आप्पांनी मशीन मागून उघडलं आणि नाण्याच्या खाचेमागची पितळी पट्टी बाहेर काढली. पट्टीच्या मागच्या बाजूला किलोचे आकडे होते. आप्पा चष्मा पुसत म्हणाले, "हे लोक आधी वजनकाटे बनवत असणार. दौंड स्टेशनवर नाणं टाकून वजनाचं तिकीट देणारं मशीन आहे ना, तसले. उरलेल्या पट्ट्या इकडं वापरल्यात."

आम्ही हसलो. जपानी कंपनी आणि उरलेल्या पट्ट्या वापरणार? तेवढं काटकसरीचं डोकं फक्त शिरूरलाच असतं, असं मीच म्हणालो होतो.

सव्वीस-सत्तावीस वर्षांनी त्या कंपनीचा इतिहास भाषांतरातून वाचायला मिळाला. पहिलं वाक्य: ही कंपनी रेल्वे स्थानकांसाठी नाण्यावर चालणारे वजनकाटे बनवण्यासाठी सुरू झाली. आप्पांनी ते वाक्य मला तीनदा वाचायला लावलं. चौथ्यांदा चहा मागवून.

*

खेळ साधा होता. पडद्यावर डोंगर, ओढा आणि वीस मेंढरं. दांडी हलवली की एक कुत्रं हलायचं. डावीकडून सूर्य उगवायचा, उजवीकडं मावळायचा. मावळायच्या आत सगळी मेंढरं वाड्यात घालायची. एक लांडगा फिरत असायचा. वर एक लाल पट्टी होती. कुत्रं थांबलं की ती झरझर कमी व्हायची, मशीन टिकटिक करायला लागायचं, आणि पट्टी संपली की खेळ संपला. निदान आमची तशी समजूत होती. त्यामुळं कोणी थांबतच नसे. कॉलेजची पोरं दांडी अशी पिळायची की आप्पांना ती दर महिन्याला बदलावी लागे.

मांडवगण फराट्याचे भाऊसाहेब आमच्यातले बडे बागायतदार. सोसायटीच्या निवडणुकीत त्यांचं पॅनेल वर्षानुवर्षं यायचं. त्यांनी एकदा दांडी हातात घेतली आणि कुत्रं थेट कळपाच्या मध्ये घातलं.

"भाऊसाहेब, मागनं घ्या," आप्पा म्हणाले.

"पुढारी मधी पाहिजे," भाऊसाहेब म्हणाले.

मेंढरं चार दिशांना उधळली. लांडग्यानं एकेक करून सगळी नेली. भाऊसाहेबांनी मशीनला शिव्या घातल्या. त्याच वर्षी त्यांचं पॅनेलही असंच चार दिशांना उधळलं आणि सोसायटी हातची गेली.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले, तेव्हा कोपऱ्यात निमोण्याचा भिका धनगर रेडिओ दुरुस्तीला घेऊन बसला होता. तो शांतपणे म्हणाला, "पुढाऱ्यानं मागं ऱ्हायाचं असतं, भाऊसाहेब. पुढं ऱ्हातो तो लांडगा."

भाऊसाहेबांनी पुढची निवडणूक मागं राहून लढवली. जिंकले!

*

आता या भिकाचं. तेव्हा तो पंचविशीतला. शंभर-सव्वाशे मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरायचा, पावसाच्या तोंडावर परत यायचा. मशीनजवळ उभा राहून तो कॉलेजच्या पोरांना नावं ठेवायचा. कुत्रं पुढं कशाला घातलं, मेंढरू बुजतंय, असली वळणं मेंढरू घेतं का. शेवटी एक पोरगा चिडून म्हणाला, मग तूच खेळ.

भिकानं घोंगडी खांद्यावरून काढून ठेवली आणि दांडीला दोन बोटं लावली. आम्ही बघत राहिलो. कुत्रं कळपाच्या मागं, लांब, कडेकडेनं. घाई नाही. वीसच्या वीस मेंढरं एकत्र आली. सूर्य बरोबर डोक्यावर आला, आणि भिकानं दांडी सोडली.

पट्टी घसरायला लागली. टिकटिक सुरू झाली. पोरं ओरडायला लागली, हलव, हलव. भिका हात मागं बांधून उभा.

"का थांबलास रे?" मी विचारलं.

"दुपार झाली की. दुपारी मेंढरू चरत न्हाई. मुंडीखाली मुंडी घालून हुबं ऱ्हातं. तवा त्येला हलवायचं नसतं."

"अरे, हे खेळातलं आहे."

"मेंढरंच हायती न्हवं?"

पट्टी संपली. आम्हाला वाटलं, गेला खेळ. आणि पडदा हळूहळू बदलला. मधोमध एक मोठं झाड उगवलं. मेंढरं एकेक करून सावलीत बसली. लांब लांडगाही बसला. कुठून तरी गवती टोपीवाला एक माणूस आला. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि झाडाला टेकला. पाव्यासारखा बारीक आवाज येत होता. अर्धा कप चहा होईल एवढा वेळ हे चाललं. मग झाड गेलं, पट्टी पुन्हा भरली आणि खेळ पुढं सुरू.

भिकानं घोंगडी उचलली. "ज्येनं केलंय त्येला मेंढरं कळत्यात," एवढं बोलून तो गेला. रेडिओ विसरला.

*

मी बातमी पाठवली. आमच्या पेपरनं ती छापली, अगदी चौकटीत. आठवड्याभरात मुंबईच्या एका गेमवाल्याचं पत्र आलं. त्याच्याकडं या खेळाची पाच-सहा मशीनं होती, त्यातल्या एकातही असलं झाड नव्हतं आणि टोपीवालाही नव्हता. बातमीदारानं काहीतरी घेऊन बातमी लिहिली असावी, असंही त्यात होतं.

संपादकांनी पुण्याहून एक उपसंपादक पाठवला. एका दिवसासाठी. आणि भिका नेमका कोकणात!

मग आम्ही खेळलो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. करायचं काय होतं? वीस मेंढरं एकत्र आणायची आणि दांडीला हात लावायचा नाही. एवढंच. एकालाही जमलं नाही. आप्पांचा हात टिकटिक सुरू झाली की आपोआप जायचा. दुरुस्तीवाला माणूस, मशीन वाजलं की हात घालणारच. भाऊसाहेबांची वीस मेंढरं कधी एकत्रच आली नाहीत.

शेवटी मी. माझी वीस आली. सूर्य डोक्यावर आला. मी हात सोडला. पट्टी निम्मी झाली, पाव राहिली. उपसंपादक मागून म्हणाला, "हे असंच संपणार आहे ना?"

मला राहवलं नाही. नाही, असं ठणकावून सांगायला मी वळलो, आणि ठणकावताना हात दांडीवर आपटला.

दिलगिरी चौथ्या दिवशी आली. त्यानंतर कितीतरी वर्षं पुण्याच्या पत्रकार परिषदेत मी उभा राहिलो की मागून कोणीतरी हळूच "बँऽऽ" करायचं.

भिका कोकणातून परतल्यावर त्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "पत्रकार, तुमाला काम दिलं नव्हतं. काम न करायचं दिलं व्हतं. ते अवघड असतं."

त्यानं ते झाड पुन्हा काढून दाखवलंही. मी फोटोग्राफरला उभा केला. त्यानं फ्लॅश मारला. फोटो धुऊन आला तेव्हा काचेवर एक पांढरा गोळा. संपादक म्हणाले, विषय संपला.

*

मग मशीनच बंद पडलं. टिकटिक ऐकू यायची, पण पडदा काळा. आप्पांनी उघडून निदान केलं, "जीव आहे, डोळे गेलेत." चित्र जुळवणारी बोटभर लांबीची एक पट्टी जळाली होती. तिच्यावर चिमणीचा शिक्का. तसली पट्टी दुसरं कोणी बनवत नव्हतं.

जपानी पत्ता मशीनच्या पाठीवर होता. तो आप्पांनी अक्षर न् अक्षर चित्र काढल्यासारखा उतरवून घेतला. मी इंग्रजीत पत्र लिहिलं: आमच्याकडे तुमचं मशीन आहे, अमुक पट्टी हवी, मेंढ्यांचा खेळ आहे.

पाच महिन्यांनी उत्तर आलं. जाड कागद, वर चिमणी, खाली लाल गोल शिक्का. सगळं जपानीत. वाचणारं कोणी नव्हतं, पण शिक्का पाहून सर्वांचं एकमत झालं की हे काहीतरी मोठं आहे. भाऊसाहेबांच्या मते ते प्रशस्तिपत्र होतं. आप्पांनी फ्रेम करून दुकानात लावलं. दरवर्षी खंडेनवमीला पकड, पाना, सोल्डरिंगच्या जोडीनं त्या पत्रालाही झेंडूचा हार आणि हळदकुंकू. आलेल्या गिऱ्हाइकाला आप्पा अभिमानानं सांगायचे, थेट जपानहून आलंय.

वीस वर्षं हे चाललं. दरम्यान आप्पांची मुलगी ऋतुजा मोठी झाली, पुण्यात जपानी शिकली आणि रांजणगावच्या एका कारखान्यात दुभाषी म्हणून लागली. नोकरी लागल्यावरच्या पहिल्या खंडेनवमीला ती सुट्टीवर घरी होती. हार घालायला स्टुलावर चढली आणि तिथंच वाचत उभी राहिली.

"आप्पा, यात लिहिलंय की कंपनीनं गेम बनवणं कायमचं बंद केलंय. पट्टी मिळणार नाही. मशीन वापरणं थांबवावं, अशी विनंती आहे."

वीस वर्षं आम्ही कंपनी बंद झाल्याच्या नोटिशीची पूजा करत होतो!

भाऊसाहेब आधी हसले. मग मी. आप्पा हसले नाहीत. ऋतुजाही नाही. ती कागदाच्या अगदी तळाशी बघत होती. तिथं टाइप केलेल्या मजकुराखाली शाईनं, हातानं लिहिलेली एक ओळ होती. आम्हाला ती आजवर सही वाटत होती.

"मेंढ्या बऱ्या आहेत ना?"

*

ऋतुजानं इंटरनेटवर शोध घेतला. चिमणी कंपनीच्या जुन्या नोकरांनी आणि चाहत्यांनी मिळून कंपनीचा इतिहास लिहायला घेतला होता. वजनकाट्यांपासून सुरुवात, मग पोरांना झुलवणारे नाण्याचे घोडे, मग व्हिडिओ गेम. घरी टीव्हीला जोडायचं यंत्र काढलं, ते कोणी घेतलं नाही. मोठ्या कंपनीनं विकत घेतलं, गेम बंद केले, चिमणी पुसून टाकली. तीन पिढ्यांची मेहनत दीड पानात.

आमच्या खेळावर तिथं एक परिच्छेद होता. खेळ ज्यानं बनवला त्या गृहस्थांनी म्हणे एकदा सांगितलं होतं की, पहिल्या खेपेच्या मशीनांत त्यांनी एक दुपार लपवली होती. खेळणारा थांबून राहतो, हे मालकांना पटलं नाही आणि दुसऱ्या खेपेपासून ती काढायला लावली. पहिल्या खेपेचं एकही मशीन शिल्लक नाही. दुपार पाहिलेला एकही माणूस भेटलेला नाही. वय झाल्यामुळं रचनाकारांचा स्मृतिभ्रम होत असावा. निष्कर्ष: तथ्य आढळले नाही.

तथ्य आढळले नाही! ते वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला एका माणसाला, मला ठरवलं त्याच शब्दांत, खोटं ठरवलं होतं. मी ऋतुजाला तिथंच बसवलं आणि उत्तर लिहायला लावलं. मी सांगितलेल्या मजकुरातली निम्मी विशेषणं तिनं गाळली, असं तिनं नंतर कबूल केलं. भिकानं पाहिलेलं सगळं मात्र तिनं लिहिलं: झाड, टोपी, गुडघा, बसलेला लांडगा. सोबत आमच्या हार घातलेल्या पत्राचा फोटो.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. इतिहासवाल्यांचं नव्हे, त्या गृहस्थांचं. एकच ओळ: मी येतो, पट्टी माझ्याकडे आहे.

*

यंदाच्या जानेवारीत ते आले. ऐंशीच्या आसपासचे, बारीक, कानाला यंत्र. ऋतुजा त्यांना आजोबाच म्हणायला लागली. बरोबर इतिहास लिहिणारे दोघे, कॅमेरे घेऊन. त्यांच्या चेहऱ्यावर उपसंपादकाचाच भाव होता. तो मी कुठंही ओळखतो.

आजोबांनी रुमालाची गाठ सोडली. आत बोटभर पट्टी, वर चिमणी. आप्पांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि बसवली. वीज जाईल म्हणून भाऊसाहेबांनी मांडवगणहून जनरेटर आणला होता आणि स्वतः त्याच्याशेजारी, सगळ्यांच्या मागं, उभे होते. पडदा उजळला. डोंगर, ओढा, वीस मेंढरं. आप्पांनी डोळे पुसले आणि चष्म्याला दोष दिला.

भिकाला आता सगळे आबा म्हणतात. मोठा कळप कधीच गेला, निमोण्यात शेती आहे, दारात दहा-बारा मेंढरं. वीस वर्षांत त्यानं दांडी धरली नव्हती. बोटं सांध्यांत सुजलेली. पहिल्या वेळी एक मेंढरू ओढ्यात गेलं. दुसऱ्या वेळी लांडग्यानं दोन नेली. इतिहासवाल्यांपैकी एकानं घड्याळ बघितलं. मी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं हात खिशात घातला.

तिसऱ्या वेळी भिकाआबांनी टोपी काढून मशीनवर ठेवली आणि दांडीला दोन बोटं लावली. कुत्रं मागं, लांब, कडेकडेनं. वीस आली. सूर्य डोक्यावर आला. आबांनी हात मागं बांधले.

टिकटिक सुरू झाली. पट्टी निम्मी. पाव. आप्पांनी स्वतःचा उजवा हात डाव्या हातानं धरून ठेवला होता. मी पाकिटातलं कात्रण मुठीत घेतलं होतं. पट्टी संपली.

झाड उगवलं.

दुकानात जो गलका झाला तो एसटी स्टँडवर ऐकू गेला असेल. मागून भाऊसाहेबांनी शिट्टी मारली. कॅमेरेवाले दोघे एकमेकांच्या खांद्याला धरून काहीबाही ओरडत होते. मेंढरं एकेक करून सावलीत बसत होती. टोपीवाला आला. मी पुढं सरसावलो, कात्रण उलगडलं, आणि सव्वीस वर्षं साठवलेल्या आवाजात, सगळ्या कॅमेऱ्यांसमोर वाचायला सुरुवात केली: "शिरूर तालुक्यातील व्हिडिओ गेमविषयी..."

"गप ऱ्हावा की, पत्रकार," भिकाआबा मागं न बघता म्हणाले. "मेंढरं उठत्याल."

ऋतुजानं भाषांतर करायला तोंड उघडलं. त्याआधीच आजोबांनी ओठांवर बोट ठेवलं होतं. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, मशीनसमोर फरशीवर बसले आणि ती गुडघ्यावर ठेवली.

आम्हीही सगळे खाली बसलो.